पट्टा मानाचा, गाठ गळ्याची

१

राजदूतसाहेबांना परराष्ट्रसेवेचा सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान सकाळी अकरा वाजता मिळायचा होता. मरण साडेआठलाच मिळालं. जन्मात एकाही समारंभाला मिनिटभर आधी किंवा नंतर न पोचलेला हा माणूस, आणि शेवटच्या कामाला मात्र अडीच तास आधी हजर. अर्थात तेही स्वतःच्या मर्जीने नव्हे.

अभ्यासिकेच्या दारात खुर्चीबाई उभ्या होत्या. हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नाही. राजशिष्टाचार विभागात एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, कोण कोणत्या खुर्चीवर बसणार ते ठरवलं. त्यांच्या एका खुर्चीपायी दोन राजे जन्मभर रुसले आणि एका खुर्चीपायी एक लढाई टळली, असं निदान त्या तरी सांगत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. पण आजच्या सोहळ्याला पलीकडच्या देशाचे म्हातारे सेनापती येणार, आणि ते खुर्चीबाईंखेरीज कुणाच्या शब्दावर बसत नाहीत, म्हणून खात्याने त्यांना एका दिवसापुरतं परत बोलावलं होतं. साहेबांना घरून सभागृहात नेण्याचं कामही त्यांच्याकडेच होतं.

न्यायला आल्या आणि पुढ्यात हे.

खोलीत जणू दोन रेडे झुंजून गेले होते. काचेचं कपाट पालथं, कपबशांचा चुरा, चहाचे ओघळ थेट भिंतीवर. साहेब जमिनीवर कोचाला टेकून बसल्यासारखे पडलेले. कपाळ मेजाच्या कोपऱ्यावर तीनदा आपटून फुटलेलं, डावा कान अर्धा लोंबत होता, डोळे खोबणीत मावत नव्हते. आणि गळ्यात मानाचा पट्टा. जांभळा, सोनेरी काठाचा, मांसात बोटभर रुतलेला. खरा पट्टा राष्ट्राध्यक्ष स्वहस्ते घालतात. हा मापाचा होता, आदल्या दिवशी घरी येतो तो. पण गळ्याला खरं-खोटं काय कळतं?

पट्ट्याची दोन्ही टोकं एका म्हाताऱ्याच्या दोन्ही मुठींत होती. मनगटापर्यंत रक्त. बाजूला स्वयंपाकीण भिंतीला चिकटून किंचाळत होती, "यांनीच! यांनीच! मी डोळ्यांनी बघितलं!"

म्हाताऱ्याने मान वर केली. सव्वीस वर्षं तो साहेबांचा दुभाषी होता. आणि खुर्चीबाईंचा सख्खा थोरला भाऊ.

"चिमे," तो लहान मुलासारखा म्हणाला, "गाठ सुटत नाहीये गं. केव्हाची सुटतच नाहीये."

२

फौजदार आला तो गुन्हा उलगडूनच आला. मिशीला पीळ देत म्हणाला, "बाई, सरळ प्रकरण आहे. सव्वीस वर्षं बोलला हा, आणि पट्टा मिळणार त्यांना. माणूस किती दिवस दुसऱ्याचं तोंड होऊन जगेल? पिसाळला."

"माझा भाऊ आहे तो."

"म्हणूनच 'पिसाळला' म्हटलं. नाहीतर वेगळा शब्द होता माझ्याकडे." त्याने दादाच्या हातात बेड्या घातल्या. "सहा वाजता आरोपाचा कागद वर जातो. राजदूताच्या खुनाला आपल्याकडे एकच शिक्षा, आणि तिथली गाठ तर कुणालाच सुटत नाही."

खुर्चीबाईंनी दाराची चौकट धरली. पण एकतीस वर्षं भरल्या सभागृहात न कोसळता उभं राहायची सवय होती, तीच कामाला आली. त्यांनी खोलीवरून नजर फिरवली, मेजवानीआधी टेबलावरून फिरवत तशी. एवढ्या राड्यात दोनच गोष्टी धड उभ्या होत्या, फौजदार आणि मेजावरचे झेंडे. वीतभर उंचीचे दोन रेशमी झेंडे, एक आपला, एक पलीकडच्या देशाचा, एकाच लाकडी बैठकीत. काठ्या कात्रीसारख्या एकमेकींवर चढलेल्या, आपली काठी पुढे.

'नवीन परिपत्रकाचा थिल्लरपणा!' त्यांच्या मनात सवयीने आलं. त्या परिपत्रकाविरुद्ध त्यांनी चौदा पानी निषेध लिहिला होता आणि तो कुणी न वाचल्यावर नोकरी सोडली होती. पण भाऊ बेड्यांत असताना काठ्यांचा विचार कोण करतं?

त्या कोचापाशी वाकल्या. कोचाखाली काहीतरी गुलाबी चमकलं. साहेबांची वरची कवळी. पुढचे दोन दात तुटलेले, आणि उरलेल्यांच्या फटीत कातडीचा एक पातळ, ओला तुकडा. तांदळाच्या दाण्याएवढा.

"हे बघा फौजदार. साहेब चावलेत कुणाला तरी."

"स्वतःचीच जीभ चावली असेल. गळा आवळल्यावर माणूस काय वाट्टेल ते चावतो."

"जीभ अख्खी आहे. आणि माझ्या भावाचे हात बघा. रक्त आहे, जखम कुठं आहे?"

तेवढ्यात दारात कुणीतरी घसा साफ केला. साहेबांचा जावई. परराष्ट्र खात्यात सहसचिव, सासऱ्याच्याच घरात माडीवर राहणारा, कपड्यांची घडी आणि स्वतःचं भविष्य या दोन्ही गोष्टी कधी न चुरगळलेला. काळा कोट, पांढरे शुभ्र हातमोजे, डोळ्यांत मोजून आणलेलं पाणी.

"मी वर कपडे करत होतो," तो म्हणाला. "किंकाळी ऐकली आणि धावत आलो. पण आत पाऊल टाकवेना. अजून टाकवत नाही. सौ.ला कसं सांगू? ती पहाटेच सभागृहात फुलं बघायला गेलीय." मग त्याने घड्याळात पाहिलं. "खात्याशी बोललो. सेनापती तीनशे कोसांवरून आलेत. सोहळा रद्द होत नाही. पाच वाजता होईल. फक्त पुढे 'मरणोत्तर' हा शब्द लागेल. पट्टा मी स्वीकारीन."

"हो का," खुर्चीबाई म्हणाल्या. कवळी त्यांनी रुमालात गुंडाळून कमरेला खोचली. फौजदार तेव्हा स्वयंपाकिणीवर ओरडत होता, त्याला दिसलंच नाही.

दाराबाहेर पडताना त्यांना काहीतरी खुपत होतं, कुशीत काटा राहावा तसं. त्या खोलीत एक गोष्ट चुकीची होती. कोणती, ते आठवेना. आणि सहा वाजायला नऊ तास उरले होते.

३

कोठडीत दादा भिंतीकडे तोंड करून बसला होता. "चिमे, त्यांनी मला उजवीकडे बसवलं."

"कुणी?"

"साहेबांनी. साडेसातला. कोचावर स्वतः डावीकडे सरकले आणि म्हणाले, बस इथं, उजवीकडे."

खुर्चीबाई थबकल्या. राजदूतसाहेब चाळीस वर्षं एका नियमाने जगले होते: उजवी जागा मानाची, आपल्याहून मोठ्याची. तिथे त्यांनी मंत्र्यांना बसवलं, राजांना बसवलं, पण स्वतःच्या व्याह्यालाही कधी बसवलं नाही. दुभाषी तर कायम पाठीमागच्या स्टुलावर.

"मला वाटलं, म्हातारपणी भ्रमिष्ट झाले," दादा म्हणाला. "पण ते म्हणाले, तह तू केलास, मी नाही. आज अकराला सगळ्यांसमोर सांगणार. पट्टा तुझा."

"आणि तह तू केलास म्हणजे काय केलंस?"

दादाने खाली मान घातली. बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नदीवरच्या पुलासाठी दोन्हीकडची मिळून चार हजार माणसं मेली होती, पाणी आठवडाभर तांबडं वाहत होतं. तंबूत वाटाघाटी चाललेल्या. साहेबांच्या पायाच्या अंगठ्याला ठणका लागलेला, डोकं फिरलेलं. समोर पलीकडचे सेनापती. साहेब गरजले, "या दाढीवाल्या बोकडाला सांग, पूल आमच्या बापाचा आहे, आणि याच्या फौजेला मी याच नदीत बुडवून मारीन!"

"मग तू काय सांगितलंस?"

"मी सांगितलं, माझे साहेब म्हणतात, पूल दोघांचा आहे, आणि या नदीत पुरेशी माणसं बुडाली."

"आणि सेनापती?"

"सेनापतींनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग म्हणाले, अर्धा तुमचा, अर्धा आमचा. मी साहेबांना म्हटलं, बोकड घाबरला, अर्धा पूल देतोय. साहेब खूश! सह्या झाल्या. सन्मान जाहीर झाला तेव्हा माझ्याच्याने राहवेना, गेल्या महिन्यात मी सगळं कबूल केलं. वाटलं, मारतील. तर ते दोन दिवस जेवले नाहीत आणि आज मला उजवीकडे बसवलं." त्याने बेड्यांतले हात वर केले. "मी हात जोडले. म्हटलं, सांगू नका हो, तह खोट्यावर उभा आहे असं कळलं तर पुन्हा तोफा सुटतील. ऐकेनात. तेवढ्यात शिंपी आला, म्हणून मी मागच्या बागेत गेलो, रडत बसलो. परत आलो तर…"

"हे फौजदाराला सांगितलंस?"

"कसं सांगू? सांगितलं तर तह मोडतो. नाही सांगितलं तर मी." तो कसनुसा हसला. "जन्मभर दुसऱ्याचं बोलणं नीट करून सांगितलं चिमे. आता स्वतःचं सांगायची सोय नाही."

४

शिंपी दुकानात पाय चाळवत बसला होता. उजव्या अंगठ्याला फडकं. त्यावर तांबडा डाग.

खुर्चीबाईंनी एक शब्द न बोलता त्याचा हात धरला आणि फडकं ओढून काढलं.

"आई गं! बाई, माणूस आहे मी, टाचण्यांची उशी नाही!"

अंगठ्यावर एकच बारीक भोक होतं. टाचणीचं. दातांचं वळण नव्हतं.

"साहेबांनीच केलं ते," शिंपी अंगठा चोखत म्हणाला. "पोटावरून पट्टा पुरेना, म्हटलं साहेब, श्वास आत घ्या. तर असे फिसकटले की टाचणी माझ्यातच घुसली. मला म्हणाले, कशाला मापं घेतोस, हा पट्टा माझ्या अंगावर चढणारच नाही. मला वाटलं, पोटाबद्दल बोलतात. सव्वाआठला मी बाहेर पडलो, तेव्हा टंकलेखक आत जात होता."

टंकलेखक म्हणजे साहेबांचा खासगी चिटणीस. सुकलेल्या शेंगेसारखा माणूस. भाषणाच्या अकरा प्रती हव्यात म्हणून तीन रात्री जागला होता, आणि साहेबांनी अकराही त्याच्या तोंडावर फाडल्या होत्या.

"मारावंसं वाटलं?" खुर्चीबाईंनी त्याला घरी गाठून विचारलं.

"रोजच वाटायचं. वीस वर्षं." त्याने दोन्ही हात पुढे केले, शाईशिवाय काही नव्हतं. "पण बाई, माझा पगार त्यांच्या जिवावर होता. फाडून झाल्यावर हसले म्हातारबा. म्हणाले, आता वाचायचं नाही, खरं बोलायचं. मी बाहेर आलो तर जिन्यात जावईबापू. विचारलं, भाषण झालं का टंकून? म्हटलं, फाडलं. खरं बोलणार म्हणतात, तह दुभाष्याने केला म्हणतात. त्यांनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, तू घरी जा, मी समजावतो."

"जावईबापू तर वर कपडे करत होते."

"मग पाठीवर कुणाची अंगठी टोचली? अजून खरचटलंय." त्याने सदरा वर करून दाखवलं.

खुर्चीबाईंनी पाठ पाहिली. लांब, तांबूस ओरखडा. हातमोज्यातली अंगठी टोचते खरी, पण ओरखडत नाही. म्हणजे तेव्हा त्या हातात मोजा नव्हता.

त्यांनी घड्याळ पाहिलं. साडेतीन. आणि कुशीतला काटा आता टोचत नव्हता, घुसत होता.

५

स्वयंपाकीण चुलीपुढे बसून रडत होती, रडता रडता भांडी घासत होती. पाहिलं ते खरंच पाहिलं होतं बिचारीने. अर्थ तेवढा आधी भीतीने आणि मग फौजदाराने भरला.

"बये," खुर्चीबाई म्हणाल्या, "साडेसातला चहा ठेवलास तेव्हा मेजावर काय काय होतं?"

"ट्रे, चष्मा, आणि ते मेले झेंडे. पुसायलासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, खुर्चीबाईंच्या पद्धतीने लावलेत, हलवलेस तर हात तोडीन."

"माझ्या पद्धतीने? कसे?"

तिने ओल्या हाताची दोन बोटं फाकवून वर धरली.

खुर्चीबाई उठल्या त्या पदर सावरायला न थांबता अभ्यासिकेत गेल्या. पहाऱ्यावरचा शिपाई "अहो, अहो" करत राहिला. त्यांनी झेंड्यांची बैठक उचलली. तळाला चिकटवलेलं हिरवं लोकरी कापड अजून ओलं होतं, चहाने. आपल्या झेंड्याच्या रेशमावर तपकिरी ओघळ आडवा गेला होता. झेंडा उभा असताना ओघळ आडवा जात नाही.

पाच मिनिटांनी फौजदारापुढे त्या बैठक आपटत होत्या.

"हे पडले होते. मारामारीत जमिनीवर पडले, चहात भिजले, आणि खून झाल्यावर कुणीतरी उचलून पुन्हा लावले. आधी फाकलेल्या बोटांसारखे होते, माझ्या जुन्या नियमाने: काठ्या दूर, एकमेकींना न भिडणाऱ्या. आता बघा. कात्री. आपली काठी वर."

"मग? घाईत कसेही लावले."

"घाईत माणूस कात्री लावत नाही हो! बैठकीतली भोकं बाहेर झुकलेली आहेत. काठ्या आपसूक फाकतात. ओलांडून लावायच्या तर दाबून बसवाव्या लागतात. ते फक्त शिकवलेला माणूस करतो. सहा वर्षांपूर्वी परिपत्रक निघालं: झेंडे कात्रीत, स्वदेशाची काठी पुढे. माझा दादा त्याच्या चार वर्षं आधी निवृत्त झाला. शिंप्याला, टंकलेखकाला ते माहीतही नाही. त्या घरात एकच माणूस असा, ज्याला देशाचा झेंडा जमिनीवर पडलेला बघवत नाही, मग शेजारी सासरा मरून पडला असला तरी. परिपत्रक लिहिणाराच तो. दारातून आत पाऊल टाकवत नव्हतं ना त्याला?"

फौजदाराची मिशी खाली आली. "जावईबापू?"

"पलीकडच्या देशात राजदूत म्हणून त्याची नेमणूक आज जाहीर व्हायची आहे. कोणत्या पुण्याईवर? तह करणाऱ्याचा जावई म्हणून. सासऱ्याने आज तोंड उघडलं असतं तर जावई कसला राहतो, विदूषक! आणि सांगा, सोहळा अकराला, तर पावणेनऊला घरात हातमोजे कशाला? पुस्तकात लिहिलंय, हातमोजे सभागृहाच्या दाराशी चढवायचे. तो माणूस पुस्तक सोडून शिंकतही नाही. मोज्याखाली काय आहे, ते बघा."

"मी? सहसचिवाचा हातमोजा मी काढू?" फौजदार घामाघूम झाला. "बाई, चार पोरं आहेत मला. तुमचा अंदाज चुकला तर माझी बदली अशा ठाण्यात होईल जिथं गुन्हेगारसुद्धा नाहीत."

खुर्चीबाईंनी कमरेचा रुमाल चाचपला. कवळी जागेवर होती.

"तुम्ही नका काढू," त्या म्हणाल्या. "तो स्वतः काढील. तुम्ही फक्त माझ्या मागे उभे राहा."

६

पाच वाजता सभागृह खच्चून भरलं. पहिल्या रांगेत उजवीकडे म्हातारे सेनापती, दाढी आता पांढरी, हातात जाडजूड काठी. खुर्चीबाईंनी दाखवलेल्या खुर्चीवर ते मुकाट बसले. डावीकडे साहेबांची लेक, रडून डोळे सुजलेले, मांडीवरचा रुमाल पिळत होती. व्यासपीठावर राष्ट्राध्यक्ष. मखमली उशीवर खरा पट्टा आणि टोकदार पाकळ्यांचा सोन्याचा तारा.

मानपत्र वाचलं गेलं. "…ज्यांच्या एका वाक्याने दोन राष्ट्रांतील रक्तपात थांबला…" जावयाने भुवयांवर दुःख आणलं आणि पुढे झाला. एक पाऊल मागे, नियमानुसार, खुर्चीबाई.

राष्ट्राध्यक्षांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला.

जावई क्षणभर तसाच उभा राहिला. शुभ्र मोज्यातला हात किंचित वर आला, अडला.

"उजवा हातमोजा," खुर्चीबाई पुटपुटल्या. राष्ट्राध्यक्षांशी हात मिळवायचा तो उघड्या हाताने; वीस वर्षांपूर्वी त्याच्या पहिल्या समारंभात त्यांनीच त्याच्या कानात हे शब्द सोडले होते, ह्याच सुरात.

आणि त्याचा डावा हात आपसूक उठला. डोकं काही म्हणण्याआधीच बोटांनी मोजा ओढला. मोजा निघेना, आत चिकटला होता. ओल्या कापडासारखा फर्रकन आवाज झाला. मोज्याबरोबर आतली पट्टीही आली, आणि अंगठ्याच्या मुळातून रक्ताची धार राष्ट्राध्यक्षांच्या पांढऱ्या बाहीवर उडाली.

खुर्चीबाईंनी रुमाल सोडला, त्याचं मनगट पकडलं आणि कवळी जखमेवर टेकवली. वळणाला वळण, दाताला दात. पुढच्या दोन तुटक्या दातांची रिकामी जागासुद्धा जुळली.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "सासऱ्यांचे दात तुमच्या हातात राहिलेत."

मग जे झालं ते कोणत्याच परिपत्रकात नाही. जावयाने उशीवरचा तारा झडपला आणि त्याच्या पाकळ्या फौजदाराच्या गालावरून ओढल्या. गाल कानापर्यंत उघडला. दुसऱ्या हाताने त्याने पट्टा उचलून खुर्चीबाईंच्या गळ्याभोवती टाकला. पीळ बसला. त्यांना डोळ्यांपुढे जांभळं दिसलं, मग काळं. कानांत लेकीची किंकाळी. आणि मग, फार जवळून, सुकं लाकूड मोडल्याचा आवाज. पट्टा सैल झाला.

लाकूड नव्हतं, जावयाचं मनगट होतं. सेनापती उभे होते, काठी दुसऱ्यांदा उगारून. तिची गरज पडली नाही. फौजदार रक्ताळल्या तोंडाने जावयाच्या छाताडावर बसला होता.

"मी देश वाचवला!" जावई जमिनीवरून ओरडत होता. "म्हातारा सगळं फोडणार होता! तह खोटा आहे! दुभाष्याने खोटं सांगितलं, यांना फसवून सही घेतली! हे कळलं असतं तर उद्या तोफा सुटल्या असत्या! मी थांबवलं!"

एवढ्या धडपडीने झाकलेली गोष्ट खुन्यानेच चव्हाट्यावर मांडली होती, आणि ज्याला कळायला नको होती तो माणूस तीन हातांवर उभा होता.

खुर्चीबाईंनी सुजलेल्या गळ्याने सेनापतींकडे पाहिलं. दादा दोरापासून सुटला होता. आता चार हजार माणसं पुन्हा मरणार का?

सेनापतींनी काठी खाली टेकली. आणि इथल्याच भाषेत, अस्खलित, किंचित जुन्या वळणाने म्हणाले,

"दाढीवाला बोकड. होय ना?"

७

"चार वर्षं तुमच्या कैदेत होतो," सेनापती सांगत होते. "तरुणपणी, पहिल्या लढाईत. भाषा तिथंच शिकलो. शिव्या तर पहिल्याच आठवड्यात. तंबूत तुमचे राजदूत काय गरजले ते मला शब्दन् शब्द कळलं. हात तलवारीवर गेला होता." ते समोरच्या दुभाष्याकडे पाहत होते. "मग हा बोलला. घामाने निथळत होता, आवाज कापत होता, आणि इतकं देखणं खोटं बोलला! मी विचार केला, ज्या देशात एक माणूस आपला जीव धोक्यात घालून असं खोटं बोलतो, त्या देशाशी तह करायला हरकत नाही. मी राजदूताच्या शब्दावर सही केलीच नव्हती. याच्या शब्दावर केली."

सभागृहामागच्या लहान खोलीत संध्याकाळचं ऊन आडवं पडलं होतं. पावणेसहा. आरोपाचा कागद फौजदाराने टाके घातलेल्या गालाने, स्वतःच्या हातांनी फाडला होता. कोठडीतून आणलेल्या दादाच्या मनगटांवर बेड्यांचे वळ होते.

"म्हणजे साहेब उगाच मेले," दादा म्हणाला.

"उगाचच. मला कुणी विचारलं असतं तर बावीस वर्षांपूर्वीच सांगितलं असतं. पण तुम्हा लोकांना बोलण्याची एवढी सवय, विचारायचं राहूनच जातं."

राष्ट्राध्यक्षांकडून निरोप आला: पट्टा दुभाष्याला द्यावा असं ठरतंय, साहेबांची शेवटची इच्छा म्हणून. दादाने खुर्चीबाईंच्या गळ्यावरचा जांभळा वण पाहिला आणि मान हलवली. "पट्टा लेकीला द्या. तिचा बापही गेला, नवराही. मला साहेबांच्या मेजावरचे ते झेंडे द्या, असलेच तर. चहाचा डाग तसाच राहू दे."

बैठक खुर्चीबाईंनी मघाच पिशवीत घालून आणली होती. दादाने काठ्या उपसल्या, फाकवून लावल्या. कोपऱ्यात दोन माणसांचा एक कोच होता.

"बसा," सेनापतींनी उजव्या जागेकडे हात केला.

"छे छे," दादा हात जोडून मागे सरला. "तुम्ही पाहुणे. उजवीकडे तुम्ही."

"तह तुमचा. तुम्ही."

"सही तुमची. तुम्हीच."

"मी वयाने मोठा आहे, मी सांगतो."

"म्हणूनच तर उजवीकडे!"

दोघांचे गुडघे लटपटत होते, दोघेही हट्टाला पेटले होते, आणि मग दोघांनी एकदमच खुर्चीबाईंकडे पाहिलं. एकतीस वर्षांत या प्रश्नाला त्या कधी अडल्या नव्हत्या. त्यांनी कोच पाहिला, भाऊ पाहिला, सेनापती पाहिले. सकाळपासून पहिल्यांदाच त्या खाली बसल्या, थेट जमिनीवर, भिंतीला पाठ टेकून.

"बसा रे कुठंही," त्या म्हणाल्या, आणि रडू लागल्या.